आत्याच्या घरावर घेतलेलं मत

आमच्या ओट्याची भिंत आणि आत्याच्या ओट्याची भिंत एकच होती. बिल्डरने ती इतकी पातळ घातली होती की पलीकडे तेलात लसूण पडला की चर्र आवाज आधी आमच्या घरात यायचा आणि वास मागाहून खिडकीतून. सकाळी आई भाकऱ्या थापायची आणि त्याच वेळी पलीकडे शिल्पामावशीचा मिक्सर घरघरायचा. त्या सगळ्यावर आत्याचा आवाज. आत्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रेलर भरून पाठवण्याचं काम बघायची. दिवसभर ड्रायव्हरांशी ओरडून बोलायची तिची सवय घरातही सुटत नसे. "भैया, गाडी वजनकाट्यावर लगाव, मी आलेच!" असं भिंतीतून ऐकू आलं की आई मला हलवायची. "ऊठ हर्षू, आत्या निघाली." आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कोणी बघत नसे.

आज मी त्याच घरात राहते. आईच्या त्या वेळच्या वयापेक्षा मी आता मोठी आहे. त्या दोघींनंतर पलीकडे दुसरी माणसं आली आहेत, चांगली आहेत. तरी ओट्याशी उभी राहिले की माझे कान भिंतीला लागतात आणि जे ऐकू यायला हवं ते येत नाही म्हणून मी उगाच नळ सोडते.

पनवेलजवळ विचुंब्याच्या बाजूला जिथे आमची इमारत उभी आहे, तिथे आधी आमचं भाताचं शेत होतं. बाबांनी ते बिल्डरला दिलं आणि बदल्यात फ्लॅट घेतले: एक स्वतःच्या नावावर, एक आईच्या आणि एक नंदाआत्याच्या. आमच्याकडे त्या काळात बहिणींना तलाठ्याकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, साडी द्यायची आणि परत पाठवायची अशी सर्रास पद्धत होती. बाबांच्या मित्रांनी त्यांना तसं सुचवलंही. बाबा म्हणाले, "ती माझ्यासंगती चिखलात उभी होती, मग फ्लॅटात कशी नाय?" आत्याने लग्न केलं नव्हतं. बघायला आलेल्यांना ती इतकं ठाम नाही म्हणायची की पुढे कोणी येईनासं झालं.

शिल्पामावशी आली तेव्हा मी शाळेत होते. ती मूळची नाशिकची, पनवेलच्या एका दवाखान्यात नर्स. आधी आत्याची मैत्रीण म्हणून यायची, मग भाडेकरू म्हणून राहिली, मग कोणी काही म्हणायचं थांबलं. बोलायला हळू, शुद्ध आणि हसली की डोळे मिटणारी. पहिल्या पावसाळ्यात सुकटीच्या वासाने ती गॅलरीत पळायची. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत आईच्या शेजारी बसून चिंबोरीचे नांगे मोडायला शिकली होती. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर आईला अंघोळ हिनेच घातली. तिचे केस धुतले, विंचरले. "माझी सख्खी बहीण असती तरी एवढं केलं नसतं," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आमच्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त त्या नात्याला आमच्या बोलीत नाव नव्हतं, आणि नाव नव्हतं तोवर कोणाची अडचणही नव्हती. मी तिला मावशी म्हणायचे. आत्याची जी, ती मावशी कशी, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नाही.

मग दोन बायकांना एकमेकींशी लग्न करता यावं, या हक्काची सुप्रीम कोर्टातली केस टीव्हीवर आली. निकालाच्या दिवशी आत्या कामावर गेली नाही. आमच्याच हॉलमध्ये सगळे बसलो होतो. आईने आंबट वरण आणि तळलेले बोंबील केले होते, पण ताटं तशीच होती. टीव्हीवरची मुलगी भराभर बोलत होती. तिच्या बोलण्यातलं आम्हाला एवढंच कळलं, की लग्नाचा कायदा करणं हे कोर्टाचं काम नाही, ते लोकांनी निवडून दिलेल्यांचं. आत्याने रिमोट घेऊन आवाज बंद केला. शिल्पामावशी उठली आणि कोणाचं जेवण झालेलं नसतानाही ओट्याजवळ जाऊन भांडी घासायला लागली. आईने तिच्या हातातून घासणी काढून घेतली. "शिल्पा, बस गो. जेव आधी."

थोड्या दिवसांनी आत्या आणि शिल्पामावशीने घरातच एकमेकींना हार घातले. कायद्याने त्याला काही अर्थ नव्हता, आणि म्हणूनच करायचं, असं आत्याचं म्हणणं. पनवेलच्या बाजारातून हार बाबांनी आणले. आईने तांदळाची गोड रवळी केली, दोघींना ओवाळलं, शिल्पामावशीची खणानारळाने ओटी भरली. फोटो मी काढले. एका फोटोत दोघी हसताहेत आणि कडेला ओवाळणीचं ताट धरलेली आई दिसते. आत्याने तोच फोटो निवडला आणि मोबाइलवर स्टेटसला ठेवला. "लपवायचं काय हाय?" ती म्हणाली. आईसुद्धा तेव्हा हसली होती. हे मला नीट आठवतं, कारण पुढे बराच काळ मी तिचं हसणं आठवून बघायचे, ते खरं होतं का म्हणून. खरं होतं.

तो फोटो दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तिथून उरणला पोचला. उरणला प्राचीताईचं, माझ्या मोठ्या बहिणीचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर होता, ताईला तो आवडला होता, दोघांचं फोनवर बोलणं चालू झालं होतं. मध्यस्थ आला आणि चहा पिता पिता आईला म्हणाला, "वैनी, त्यांचा काय नकार नाय. पन फोटूत ताट धरून तुमीच हाव का, येवढं विचारलंय त्यांनी." तो गेल्यावर आईने त्याचा कप तीनदा धुतला.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी सावंतांनी विशेष सभेची नोटीस लावली. सावंतकाका वाईट माणूस नव्हते, आणि हे मी आज जास्त ठामपणे लिहिते. उन्हाळ्यात पाणी आटलं की पहाटे उठून टँकर गाठणारे तेच, लिफ्टमध्ये कोणी अडकलं की चावी घेऊन धावणारेही तेच. चेंबूरची खोली विकून ते इथे आले होते आणि 'फॅमिली सोसायटी' हा शब्द त्यांच्या तोंडात फार असायचा. नोटिशीत लिहिलं होतं, की सोसायटीत रक्ताच्या किंवा कायदेशीर लग्नाच्या नात्यातल्या माणसांनीच एकत्र राहावं, बाकीच्यांची नोंद पाहुणे म्हणून व्हावी, आणि महिन्यानंतर पाहुण्याला राहता येऊ नये. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. सगळ्या इमारतीत तो नियम लागू पडेल असं घर एकच होतं.

बाबा सोसायटीचे चेअरमन होते. आत्या त्यांना म्हणाली, "दादा, तू सभाच नको भरवू." बाबा म्हणाले, "भरवायला लागंल. सह्या आल्यात. पन मत घेऊ देनार नाय."

सभा रविवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये होती. गाड्या बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एक्सप्रेसवेकडे जाणाऱ्या ट्रेलरांचे हॉर्न मधूनमधून माइकवर चढत होते. मी सभासद नव्हते, म्हणून मागे खांबाशी उभी होते. शिल्पामावशी माझ्या शेजारी होती. ती दवाखान्यात नेसायची पांढरी साडी नेसूनच आली होती, तिला पुढे ड्युटीवर जायचं होतं.

सावंतकाकांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "कोणाच्या विरुद्ध काही नाही. लोकशाही आहे. बहुमत म्हणेल ते."

बाबा खुर्चीतून उठले. त्यांना भाषण येत नसे. स्वतःच्या खुर्चीची पाठ धरून ते बोलायला लागले, आणि बोलताना सभेकडे न बघता खाली फरशीकडे बघत होते.

"सावंतसाहेब, टाकीवर मत घ्या, रंगावर घ्या, पार्किंगवर घ्या. मानसानं कोनाबरोबर ऱ्हावं यावर मत घेता येत नाय. मी सांगतो का ते. आमचं मूळ गाव खाडीपलीकडं. माझ्या बापानं इधवा चुलतबहिणीचं दुसरं लगीन लावून दिलं. गावकी बसली. असेच हात वर झाले. आमाला वाळीत टाकलं. विहीर बंद, दुकान बंद, कोनी आमच्याशी बोलायचं नाय. त्यातच बाप गेला. खांदा द्यायला गावातलं कोन आलं नाय. मी, काका, मामा, येवढेच. चौथा खांदा हिनं दिला." त्यांनी आत्याकडे बोट केलं. "पोर होती. उंची पुरत नव्हती म्हनून खांद्यावर गोधडीची घडी ठेवली होती. त्या दिवशी पन गाव म्हनत होता, सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. आत्याने मान खाली घातली होती आणि डाव्या खांद्यावरून ओढणी सारखी करत होती.

थोड्या वेळाने सावंतकाका अगदी मवाळपणे म्हणाले, "भाऊ, भावना समजतात. पण हे तुम्ही भाऊ म्हणून बोललात, चेअरमन म्हणून नाही. जवळच्या नातेवाइकाचा विषय असेल तर खुर्ची सोडायची असते. तुम्ही नियमाने चालणारे आहात."

बाबा नियमाने चालणारे होते, हीच अडचण. ते खुर्ची सोडून खाली आले आणि आईशेजारच्या रिकाम्या जागेवर बसले. व्हाइस चेअरमन वर गेला. त्याला बिचाऱ्याला माइकही नीट धरता येत नव्हता.

शिल्पामावशी पुढे झाली. "मला बोलायचंय."

"तुम्ही सभासद नाही," सावंतकाका म्हणाले.

आत्या उसळली. "सभा तिच्यावर हाय आन तिलाच बोलता येनार नाय?"

मागून कोणीतरी म्हणालं, बोलू द्या. शिल्पामावशी आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून लोक पुढे वाकून ऐकत होते. "कोर्टाने आम्हाला लग्न दिलं नाही, हे खरं आहे. पण आमचं राहतं घर काढून घ्या, असं त्याने कुठे म्हटलेलं नाही. एकत्र राहणं गुन्हा नाही. संविधानात काही गोष्टी मुद्दाम अशा ठेवल्या आहेत की कितीही हात वर गेले तरी त्यांना धक्का लागू नये. कारण ज्यांची माणसं कमी आहेत त्यांनी नाहीतर जायचं कुठे? उद्या तुमच्यातल्या कोणाची माणसं कमी असतील."

"ताई, ते सगळं दिल्लीत," सावंतकाका म्हणाले. "इथे सोसायटीचे उपविधी चालतात. आणि कोर्टच म्हणालं ना, हे लोकांनी ठरवायचं? मग आम्ही लोकच आहोत." काहीजण हसले. त्यांचा मुद्दा त्यांना खरोखर बिनतोड वाटत होता.

व्हाइस चेअरमनने ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितले.

मी मागे होते, म्हणून मला चेहरे दिसले नाहीत. दिसले ते फक्त हात. आधी पुढच्या रांगेतले, पटकन वर गेलेले. मग इकडेतिकडे बघून, कोपरात वाकलेले, कानापर्यंतच आलेले. ज्या बाईकडे आत्या मडक्यात भाजलेल्या पोपटीच्या शेंगा भरून पाठवायची तिचा हात. ज्यांच्या सासऱ्यांना शिल्पामावशी रोज इंजेक्शन द्यायला जायची त्यांचा. आणि मग बाबांच्या शेजारी एक हात वर गेला. बाबा समोर बघत होते, त्यांना दिसला नाही. त्यांना ऐकू आला. आईच्या मनगटावरच्या बांगड्या एकावर एक खाली घसरल्या, कोपरापर्यंत. एवढ्या माणसांत, ट्रेलरांच्या हॉर्नमध्ये, तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. बाबांनी मान वळवली आणि आईच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या हाताकडे बघितलं.

आईच्या नावावर फ्लॅट होता. बाबांनीच करून दिला होता, बायकोचं स्वतःचं काहीतरी असावं म्हणून.

आत्याने वळून पाहिलं. ती सगळ्या हातांवरून नजर फिरवत आली आणि आईपाशी थांबली. "वैनी," ती म्हणाली. बाकी काही नाही. तो हात खाली यायला पुष्कळ वेळ लागला. ठराव मंजूर झाला. शिल्पामावशी घड्याळ बघून ड्युटीवर गेली.

दुपारी आईने जेवण वाढलं. बाबा जेवलेही. हात धुऊन आल्यावर त्यांनी विचारलं, "कशाला केलंस?"

"मला दोन पोरी हायत," आई म्हणाली.

"मला एक बहीन हाय."

त्या दोघांत त्या विषयावर झालेलं हे एवढंच बोलणं. बाबांनी संध्याकाळी चेअरमनपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर ते आईशी वागायचे ते पूर्वीसारखंच, भाजी आणून द्यायचे, दुखलंखुपलं विचारायचे. फक्त तिच्या शेजारी बसायची वेळ आली की मध्ये एक जागा सोडून बसायचे. दोघांच्याही ते लक्षात येत नसावं. किंवा येत असेल.

ठरावाची अंमलबजावणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. गेटवरच्या वहीत शिल्पामावशीला प्रत्येक वेळी पाहुणी म्हणून नाव लिहावं लागायचं. कामावरून आली तरी, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली तरी. वॉचमन मान खाली घालून वही पुढे करायचा. कोणाकडे जायचं, या रकान्यात ती आत्याच्या फ्लॅटचा नंबर लिहायची. येण्याचं कारण, या रकान्यात लिहायची, 'घरी'. दिवसातून दोनदा, तीनदा. क्लासवरून येताना मी कधीकधी ते पान बघायचे. कुरिअर, प्लंबर, पाहुणे, आणि मध्ये मध्ये तिच्या तिरक्या अक्षरात 'घरी', 'घरी'. भिंतीतून येणारे आवाजही बदलले. मिक्सर चालायचा, पण आत्या फोनवर ओरडेनाशी झाली. आई भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि पीठ लागलेला हात हवेत तसाच धरून कान द्यायची.

महिना उलटला, पण शिल्पामावशी गेली नाही. त्या दोघींनी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार केली होती. निकाल लागेपर्यंत कोणी तिला हात धरून बाहेर काढायला धजावलं नाही. वहीत नाव लिहिणं तेवढं चालू राहिलं.

त्याच काळात ताईचं लग्न झालं. आमच्या आगरी लग्नात हळदीला धवलारीण लागते. ती लग्नाची गाणी म्हणते आणि गाण्यातून एकेका नात्याला नाव घेऊन पुढे बोलावते. ज्याचं नाव येईल त्याने येऊन नवरीला हळद लावायची. आमची धवलारीण खूप म्हातारी होती, दुसऱ्या गावची. तिला आमच्याकडचं काही ठाऊक नव्हतं. खाली मांडवात तिने आईला बोलावलं, काकीला बोलावलं, आणि मग तिचा पातळ, चिरका आवाज आतेला बोलवायला लागला. नवरीची आते कुठं राहिली, हळद वाळून चालली. कोणी उठलं नाही. तिला वाटलं ऐकू गेलं नसेल. तिने तीच ओळ परत म्हटली, अजून मोठ्याने. उरणची माणसं आमच्याकडे बघत होती. वर आत्याच्या गॅलरीत दिवा होता. पाटावर बसलेल्या ताईने, अर्धा चेहरा पिवळा झालेला, तसंच वर बघितलं आणि रडायला लागली. आईने पुढे होऊन धवलारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हातारीने गाणं थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मेली का ग?"

आई म्हणाली, "नाय."

"मंग?" म्हातारी म्हणाली. आई मागे सरली आणि म्हातारीने गाण्यात पुढचं नातं घेतलं, मावशीचं. बाबा मांडवामागे निघून गेले होते.

त्या लग्नाला पुढे काही झालं नाही. ताई सुखात आहे, माझा मेहुणा चांगला निघाला. वर्षभराने त्यानेच मला सांगितलं, की त्या फोटोबद्दल त्याला स्वतःला काहीच वाटलं नव्हतं, त्याच्या आईवडिलांनाही फारसं नाही. मध्यस्थाने आपल्या मनानेच विचारून बघितलं असावं. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

उपनिबंधकाचा आदेश लग्नानंतर आला. आत्याने तो आणला आणि दार उघडं टाकून, बाबांसमोर उभी राहून वाचून दाखवला. भाषा सरकारी होती, पण एक गोष्ट स्पष्ट होती. सभासदाने आपल्या घरात कोणाबरोबर राहावं, हे ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला नाही, मग ठराव एकमताने झालेला असो की बहुमताने. घटनेने माणसाला जे दिलं आहे ते सभेपुढे मताला टाकता येत नाही. ठराव रद्द. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर आत्या तिच्याकडे वळली. त्या सभेनंतर ती पहिल्यांदाच आईशी बोलत होती.

"वैनी, आमी हितंच ऱ्हानार हाव. तुमाला आमी आवडतो म्हनून नाय. तुमाला नाय आवडलो तरी."

आई म्हणाली, "मला आवडत नाय असं मी कदी—"

"म्हाईत हाय," आत्या म्हणाली. "तेच तर."

आदेश नोटीस बोर्डावर लागला. सावंतकाकांनी स्वतः टाचण्या लावल्या. वही बंद झाली. लोक हळूहळू पूर्वीसारखे वागू लागले, काहीजण तर मुद्दाम जास्त गोड. शिल्पामावशी पुन्हा इंजेक्शनं द्यायला जाऊ लागली. मला ते सहन होत नसे. एकदा मी तिला विचारलं, "तुला काहीच वाटत नाही?" ती म्हणाली, "लिफ्टमध्ये कोणी बटण दाबायला हात वर केला की वाटतं. जातं मग." जातं, असं ती म्हणाली, पण मी तिला लिफ्ट सोडून जिन्याने चढताना कितीतरी वेळा पाहिलं. त्या जिंकल्या होत्या आणि ज्यांनी त्यांना नको म्हटलं त्यांच्यातच राहत होत्या. कायदा माणसाला घरात ठेवू शकतो. शेजारच्या दारामागे कोण उभं आहे हे विसरायला लावू शकत नाही.

शिल्पामावशी आमच्या घरी परत यायला लागली ती मात्र बाबांची रक्तातली साखर बघायच्या निमित्ताने, आणि मग आईच्या. आत्या त्या आदेशाच्या दिवसानंतर कधीच आली नाही. दिवाळीला फराळाचं ताट आलं तर घ्यायची, परत पाठवताना भरून पाठवायची, उंबरा मात्र ओलांडायची नाही. अशी वर्षं गेली. आईचं ब्लडप्रेशर वाढायला लागलं. एका दुपारी शिल्पामावशी ते बघायला आली, आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि हवा भरू लागली. मी शेजारी भाजी निवडत होते.

आई अचानक म्हणाली, "तो हात ह्योच."

शिल्पामावशीने पट्ट्यावरची नजर काढली नाही. "माहीत आहे वहिनी. सैल सोडा, नाहीतर आकडा चुकतो."

आईने हात सैल सोडला. हवा सोडल्याचा फुस्स आवाज झाला. "जास्त आहे," शिल्पामावशी म्हणाली. "मीठ कमी करा. सुकट तर बंदच."

"नंदा येईल का गो कदी?"

"ते तिला विचारा." तिने पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेली.

आई उठली, तिने तोंड धुतलं, पदर नीट केला. ओट्यावरची एक वाटी उचलून ती बाहेर गेली. आत्याच्या दाराची बेल वाजली. मी निवडणं थांबवलं. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग आत्याचा.

"काय पायजे वैनी?"

इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मला वाटलं आई तशीच परतली.

"साखर हाय का वाटीभर?"

आत्या आत गेली. डब्याचं झाकण उघडलं, ते मला भिंतीतून ऐकू आलं, आणि चमचाही. ती परत दाराशी आली. "आनखी काय?"

"काय नाय," आई म्हणाली.

दार लागलं, हळूच. आई आत आली आणि भरलेली वाटी मांडीवर घेऊन खाली बसली. बाबा आतल्या खोलीतून पेपर घेऊन बाहेर आले, तिच्याकडे आणि वाटीकडे बघून थांबले.

"साखर संपली का ग?"

"नाय," आई म्हणाली.